जाड तळवे: किती काढायचे आणि कुठे थांबायचे

रात्रीची जेवणे आटोपली, भांडी पालथी पडली की टब निघतो. पाच लिटर पाणी, आंघोळीच्या पाण्यापेक्षा जरा कमी गरम, कोपर बुडवून सहज सोसेल असे. पाय घोट्यापर्यंत बुडवायचे आणि पंधरा ते वीस मिनिटे बसायचे. घड्याळ लावलेले बरे. गप्पांत विसाची चाळीस मिनिटे होतात, आणि चाळीस मिनिटे भिजलेले कातडे भिजवलेल्या साबुदाण्यासारखे फुगते. मग मेलेले कुठले आणि जिवंत कुठले हे बोटांना कळत नाही. वीस मिनिटांनी मेणासारखा पिवळा तळवा दुधाळ पांढरा दिसतो आणि नखाने दाबले की खळी राहते. कामाला लागायची वेळ ती.

तळहात-तळपायांची ही आनुवंशिक जाडी दवाखान्याच्या कागदावर पाल्मोप्लांटार केराटोडर्मा म्हणून येते. बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणीकडे तिला असे नेमके नाव नाही. कुणी जळवात म्हणतो, कुणी घट्टे, आणि बरेच जण 'त्यांच्या घराण्यातच आहे' म्हणून विषय संपवतात. घराण्यातच आहे हे खरे, पण प्रकार कोणता हे कळल्याशिवाय पाते हातात घेणे म्हणजे अंधारात ऊस तोडणे.

ही जाडी मुळात का येते ते आधी सांगायला हवे. सर्वांत जास्त दिसणाऱ्या प्रकारांपैकी एक आहे व्हर्नर प्रकार. १९०१ साली त्याचे वर्णन झाले. त्यात केराटिन ९ हे प्रथिन सदोष असते, क्वचित केराटिन १. केराटिन म्हणजे पेशीच्या आतले वासे. केराटिन ९ जवळजवळ फक्त तळहात-तळपायांच्या कातडीत असते, म्हणून बाकीचे अंग चांगले राहते आणि मनगटाच्या, घोट्याच्या आत लालसर रेघ मारल्यासारखी जाडी थांबते. वासे कच्चे असल्याने वरच्या थरातल्या पेशी दाबाखाली फुटतात आणि शरीर भरपाई म्हणून थरावर थर चढवते. तो सगळा थर खरवडून काढला तर खाली उरते ती हीच कच्ची कातडी, तीही आता उघडी. दुसऱ्या दिवशी चालताना फोड येतात, आणि महिनाभरात आधीपेक्षा जाड थर परत येतो. नव्याने हे काम करणारे जवळजवळ सगळे इथेच चुकतात: तळवा गुळगुळीत, गुलाबी दिसेपर्यंत घासतात.

कुठे थांबायचे याच्या तीन खुणा आहेत. तळव्यावरच्या बारीक रेषा पुन्हा दिसू लागल्या, पिवळ्याची जागा फिक्या गुलाबीने घेतली, किंवा अंगठ्याने दाबल्यावर माणसाने पाय किंचित मागे घेतला, यातली पहिली जी दिसेल तिथे हात थांबतो. लाल टाचणीसारखे ठिपके दिसले तर पुढे गेलात. तिथे नुसते पांढरे व्हॅसलीन लावायचे आणि ती जागा दोन आठवडे सोडून द्यायची.

हत्यारांत वजरी सगळ्यांच्या घरी असते. टाचेला ती चालते, पण खरखरीत धातूची नको, दगडाची घ्या, आणि एकाच दिशेने, टाचेकडून बोटांकडे फिरवा. मागे-पुढे घासले की भिजलेल्या थराची कडा उचलली जाते आणि नेमकी तिथून भेग पडते. चवड्याखालचे टणक ठिपके वजरीने जात नाहीत. त्यांना शस्त्रक्रियेचे पाते लागते: ३ नंबरच्या मुठीला १० किंवा १५ नंबरचे पाते. १५ नंबर बोटांच्या फटीजवळ, १० नंबर सपाट भागावर. कातडी एका हाताने ताणून धरायची, पाते जवळजवळ आडवे, आणि कागदासारखी पापुद्री निघेल इतकाच दाब. जाड खपली एकदम निघाली तर हात जड पडला म्हणायचे. पाते एकाचे दुसऱ्याला नाही, घरातल्या घरातही नाही. वजरीही प्रत्येकाची वेगळी, कारण बुरशी वजरीवरूनच घरभर फिरते. मधुमेह असलेल्याच्या किंवा पायाला बधिरपणा असलेल्याच्या पायावर घरी पाते लावायचे नाही. त्याला दुखते तेव्हा उशीर झालेला असतो.

आता प्रकार कसा कळतो ते. डॉक्टरांकडे जाण्याआधी तीन-चार आठवडे पाय घासू नयेत. स्वच्छ घासलेला पाय घेऊन गेले की डॉक्टरांना बघायला काही उरत नाही, आणि हे फार वेळा होते, कारण दवाखान्यात जायचे म्हटले की माणूस आदल्या दिवशी पाय साफ करतो. लहान मूल असेल तर हात पाच-दहा मिनिटे पाण्यात बुडवून आधीचा आणि नंतरचा फोटो काढून न्या. थोड्याच वेळात तळवा पांढरा, स्पंजसारखा होत असेल तर काही ठरावीक प्रकारांची दिशा मिळते.

पहिली तपासणी बुरशीची. पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात कातडीचा भुसा ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. भुसा मधून खरवडला तर बुरशी हाती लागत नाही, कडेचा घ्यायला सांगा. जाड तळव्यावर बुरशी हमखास राहते. एक पाय दुसऱ्यापेक्षा जास्त खाजतो, रेघांत पिठासारखे पांढरे दिसते, वास बदलतो. अशा वेळी दुकानातून आणलेली स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र कालवलेली ट्यूब चार दिवस बरे वाटू देते. मग बुरशी दबून पसरते, आणि पुढे साध्या औषधांना दाद देत नाही. आमच्या भागात ही ट्यूब चिठ्ठीशिवाय मिळते, हेच मोठे दुखणे आहे.

बायोप्सीला, म्हणजे कातडीचा तुकडा काढून तपासायला, ४ मिलीमीटरचा गोल पंच वापरतात. जागा कुठली घेतात ते आधी विचारा. टाच किंवा चवडा नको, तिथे वजन पडते आणि भरायला वेळ लागतो. तळहाताची करंगळीकडची कडा किंवा पायाच्या कमानीची बाजू बरी. तळहातावर भुलीची सुई खुद्द बायोप्सीपेक्षा जास्त दुखते, लहान मुलाला हे खोटे न बोलता आधी सांगितलेले चांगले. टाके बारा-चौदा दिवसांनी निघतात. एका तुकड्यात पेशी फुटलेल्या दिसल्या नाहीत म्हणून व्हर्नर प्रकार नाही असे ठरत नाही. १८८० साली जर्मन डॉक्टर थोस्ट यांनी वर्णन केलेले कुटुंब वेगळ्या प्रकारचे म्हणून शंभर वर्षे पुस्तकांत राहिले. १९९० च्या दशकात त्यांच्या वंशजांची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा तेही पेशी फुटणाऱ्याच प्रकारचे निघाले.

सगळ्यात उपयोगी पडतो तो वंशवृक्ष, आणि त्याला पैसे लागत नाहीत. एका फुलस्केप कागदावर पुरुषाला चौकोन, बाईला गोल, ज्याला जाडी आहे तो भरलेला. आजोबांच्या पिढीपासून, आईकडचे आणि वडिलांकडचे दोन्ही. नात्यात लग्न झाले असेल तर दोघांमध्ये जोडरेघ. सासरचे आडनाव लिहून भागत नाही, माहेरचे गाव लिहा. दोन घरांतल्या दोन आज्या एकाच वाड्यातून आलेल्या निघतात, ते गावावरूनच लक्षात येते. प्रत्येक पिढीत एखादा तरी भरलेला असेल तर दोष बहुतेक प्रबळ, म्हणजे एका पालकाकडून आला तरी दिसणारा असतो, आणि प्रत्येक मुलाला तो जाण्याची शक्यता निम्मी. आई-वडील दोघे निरोगी, नात्यातले, आणि भावंडांत एक-दोन भरलेले असतील तर दोष सुप्त, म्हणजे दोन्ही पालकांकडून आला तरच दिसणारा, आणि शक्यता प्रत्येक बाळंतपणात चारात एक.

सीमाभागात मामाची मुलगी हक्काची मानतात, मामा-भाचीचीही लग्ने होतात. आते-मामे भावंडांच्या लग्नात मुलाला एखादे जनुक दोन्ही बाजूंनी एकाच पूर्वजाकडून मिळण्याची शक्यता सोळात एक, मामा-भाचीच्या लग्नात आठात एक. सुप्त प्रकारांपैकी माल द मेलेडा हे नाव एड्रियाटिक समुद्रातल्या एका बेटावरून आलेले, तिथेही कारण हेच, आपापसातली लग्ने. त्यात जाडी तळव्यावर न थांबता हाताच्या पाठीवर, घोट्यावर चढते आणि वास येतो. लग्नांचे हे आकडे घरात सांगताना कुणाच्या लग्नाला दोष लावू नका. लावला की वंशवृक्षातली नावे गाळली जातात, आणि मग सगळी मेहनत पाण्यात.

वंशवृक्षासोबत चार प्रश्नांची उत्तरे न्या. दात: पॅपियन-लफेव्ह्र प्रकारात जाडी वयाच्या पहिल्या ते चौथ्या वर्षी येते आणि हिरड्या सुजून दुधाचे दात चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत पडतात. पक्के दातही पुढे तसेच जातात. अशा मुलाला आधी दातांच्या डॉक्टरांकडे न्यायला हवे. केस: जन्मापासून लोकरीसारखे कुरळे केस आणि जाड तळवे एकत्र असतील तर हृदयाचा ईसीजी आणि इको करून घ्यायलाच हवा. कान: ऐकू कमी येणे आणि बोटाभोवती दोरा बांधल्यासारखी वळी येणे एकत्र दिसले तर वेगळा प्रकार. आणि घरात अन्ननलिकेचा कर्करोग झालेला आहे का. दाबाच्या जागी जाडी येणाऱ्या एका दुर्मीळ प्रकारात हा धोका फार वाढतो, आणि निपाणीच्या तंबाखू पट्ट्यात राहणाऱ्याला तर तंबाखूपासून लांब राहण्याचे आणखी एक कारण मिळते. नखे जाड आणि चालताना असह्य दुखत असेल तर पॅकिओनिकिया कन्जेनिटा आहे का ते पाहतात. त्यात केराटिनच्या पाच जनुकांपैकी एक बिघडलेले असते.

जनुक तपासणीला ईडीटीएच्या, म्हणजे जांभळ्या बुचाच्या नळीत तीन-चार मिलीलिटर रक्त लागते. नमुना बहुधा बेंगळुरूसारख्या मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत जातो, गोठवायचा नसतो. नळीवरचे नाव आधारवरच्या स्पेलिंगप्रमाणे आहे ना, ते सुई टोचण्याआधी बघा. अहवालात 'अर्थ अनिश्चित' असा बदल आला तर घाबरू नका आणि त्यावरून लग्ने मोडू नका. आई-वडिलांचे रक्त तपासले की तो बदल जाडीबरोबर चालतो का ते कळते. म्हणून घरातल्या जाडी असलेल्या सर्वांत वयस्क माणसालाही सोबत न्या.

सरकारी दवाखान्यात कानडीतच बोलावे लागले तर 'चर्म' आणि 'आनुवंशिक' हे दोन्ही शब्द कानडीतही तेच आहेत, बाकी खुणांनी भागते.

मलमाकडे वळू. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबची एक रेघ, म्हणजे अर्धा ग्रॅम, हे माप. पूर्ण हाताला एक रेघ, पूर्ण पायाला दोन. दोन्ही हात आणि दोन्ही पाय मिळून सहा रेघा, तीन ग्रॅम. म्हणजे ३० ग्रॅमची ट्यूब दहा रात्री जाते. महिन्याला एकच ट्यूब आणणारा माणूस 'औषध लागू पडत नाही' म्हणतो, पण तो लावतोच तिसरा हिस्सा.

रोज १० टक्के युरिया. टाचेच्या टणक भागाला २० ते ४०, पण भेगांवर नाही, मिठासारखे झोंबते. सॅलिसिलिक आम्लही मिळते, मोठ्या भागावर आणि लहान मुलांवर ते वापरायचे नाही, कारण कातडीतून रक्तात उतरते. व्हर्नर प्रकारात दोन्ही जपूनच. पाय हलके टिपून तीन मिनिटांत, कातडी ओलसर असतानाच मलम, वर सुती मोजे. प्लास्टिकचा कागद गुंडाळायचा तर मलम साध्या युरियाचे असावे, आणि सुरुवातीला दोन तासच. खानापुराच्या बाजूला भिरंडेल, म्हणजे कोकमाचे घट्ट तेल, टाचेच्या भेगांत वितळवून भरतात. ते उत्तम आहे, फक्त भेग धुऊन, वाळवून आणि कडा कापल्यावर. कडा तशाच ठेवून काहीही भरले तरी पाय टेकताच टणक कडा पुन्हा फाकतात. डिंकासारखा चिकटवणारा पदार्थ भरायचा तर तो वैद्यकीय प्रतीचाच, आणि पू किंवा रक्त असलेल्या भेगेत कधीच नाही. वाळताना तो तापतो.

गोळ्यांत ॲसिट्रेटिन. १० मिलिग्रॅमपासून, जेवणासोबत, कारण तुपा-तेलासोबत ती अंगी लागते. सुरुवातीला यकृत आणि चरबीच्या तपासण्या, नंतर डॉक्टर सांगतील त्या अंतराने. दोन-अडीच महिन्यांत तळवे मऊ होतात, गोळी थांबवली की परत जाड होतात. व्हर्नर प्रकारात मात्र डोस जरा वाढला तरी जास्त सोलते आणि चालणे बंद पडते, इथेही तोच प्रश्न, कुठे थांबायचे. मूल होण्याच्या वयातल्या बाईला ही गोळी देत नाहीत असेच समजा. गोळी बंद केल्यावर तीन वर्षे गर्भ राहता कामा नये, आणि गोळी चालू असताना किंवा बंद केल्यावर दोन महिन्यांत दारू घेतली तर औषध शरीरात आणखी लांब राहणाऱ्या रूपात बदलते. तीन वर्षे रक्तदानही नाही.

ऋतूंचे वेगळे. बेळगावची थंडी कोरडी, डिसेंबर-जानेवारीत भेगा सर्वांत जास्त, तेव्हा घासणे आठवड्यातून एकदाच आणि मलम दोनदा. शेकोटीला पाय लावायचे नाहीत. पावसात खानापूरच्या भातखाचरात रोप लावणाऱ्याचे उलट होते. कातडी दिवसभर भिजून लाद्यांसारखी सुटते, बोटांत चिखल्या होतात. निघताना व्हॅसलीनचा जाड थर, गमबूट एक नंबर मोठा, दुपारी काढून पाय वाळवायचे आणि मोजे बदलायचे. रात्री घासायचे नाही. वास येऊ लागला, तळव्यावर चाळणीसारखी छिद्रे दिसली तर ते जंतूंचे काम, त्यावर पोटॅशियम परमँगनेटचे अगदी फिके गुलाबी पाणी दहा मिनिटे. गडद जांभळे केले तर भाजते. शहापूर-वडगावातल्या विणकरांची तक्रार वेगळी: भेगेच्या कडेला सूत अडकते आणि तुटते. त्यांनी बोटांची टोके सकाळी बारीक कागदाने हलकेच साफ करावीत, तेल मात्र रात्रीच लावावे, नाहीतर डाग सुतावर.

अंगठ्याचाही प्रश्न आहे. रेशनच्या दुकानात यंत्र ठसा घेत नाही. आदल्या रात्री मलम, सकाळी साबणाने धुऊन पुसायचे, आणि अंगठ्याऐवजी दुसरे बोट लावून बघायचे. आधार केंद्रात कोणते बोट सर्वांत चांगले उठते ते तपासून घेता येते. एकही उठत नसेल तर बुबुळ, चेहरा किंवा मोबाइलवरचा ओटीपी. मुलाचे पाचव्या आणि पंधराव्या वर्षी ठसे अद्ययावत होतात, तेव्हाच बोटे जाड असल्याची नोंद अपवाद म्हणून करायला सांगा. शाळेत महारोगाची शंका घेतली तर गोष्ट सोपी आहे: डोळे मिटवून कापसाचा पुंजका हलकेच लावा, मुलाला तो कळतो. जाडी फार असेल तर कडेच्या पातळ भागावर लावा. महारोगात त्या जागी स्पर्श जातो.

राहिली चप्पल. कोल्हापुरी कितीही आवडली तरी नवी, कडक तळाची नको. कुष्ठरुग्ण आणि मधुमेही यांच्यासाठी येणारे एमसीआर, म्हणजे बारीक छिद्रांचे मऊ रबर, दहा-बारा मिलीमीटर जाडीचे, मागे पट्टा असलेल्या सँडलमध्ये. पट्टा नसेल तर चप्पल धरायला बोटे आवळली जातात आणि चवड्यावर ताण येतो. चवड्यावरच्या सर्वांत टणक ठिपक्यावर तेलात कालवलेले कुंकू लावा, चप्पल घालून दहा पावले चाला. रबरावर जिथे लाल उमटले तिथे चप्पल शिवणाऱ्याकडून वाटीसारखी खळगी कापून घ्यायची, पाच मिलीमीटर खोल, खाली आरपार नाही. कडा तिरक्या कापायला सांगा, सरळ कापली तर तीच कड नवा घट्टा करते. दर तीन महिन्यांनी कुंकू पुन्हा लावून बघायचे, ठिपका हळूहळू सरकलेला असतो.